ओढ्याजवळची दोन टोकं

१० जानेवारी, शनिवार

प्रिय आत्या,

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोडायचं आहे. मी लिहिलं होतं, 'टिटवीने रागाच्या भरात नकाशा फाडला.' ते असं हवं: 'नकाशा फाटला.' कागद घडीवर आधीच विरला होता. सरावाला आम्ही सगळे तोच वापरत होतो, त्यामुळे तो किती हातांतून फिरलाय त्याला गणती नाही. टिटवीने तो स्वतःकडे ओढला आणि घडीवरून त्याचे दोन तुकडे झाले. रागात ती होतीच, पण फाडणं वेगळं आणि फाटणं वेगळं. रबर वापरायचं नाही, चुकलेल्यावर एकच रेघ मारायची म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते दिसत राहतं, आणि शेजारी बरोबर ते लिहायचं, हे तूच शिकवलंस. तर ही रेघ.

बाकीचं तसंच आहे, पण घाईघाईत उलटसुलट लिहिलं गेलं होतं, म्हणून पुन्हा नीट सांगते. शाळेतून विज्ञान स्पर्धेला प्रत्येक विषयाची एक जोडी जाते. आमचा विषय भूनकाशे. डोंगर, ओढे आणि थरांच्या रेषा कागदावर दिलेल्या असतात आणि जमिनीच्या पोटात ते थर कसे वाकलेत, कुठे तुटलेत, ते आपण काढून दाखवायचं. जोडी टिटवीची आणि माझी होती. (तिला टिटवी का म्हणतात ते तिने तोंड उघडलं की कळतं.) त्या दिवशीच्या प्रश्नात नुसत्या आकड्यांवरून ठरवायचं होतं की थर कमानीसारखे वर वाकलेत की द्रोणासारखे खाली. मी द्रोण काढला. टिटवीने कमान काढली आणि ती हटायला तयार नव्हती.

सरांकडे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सर मुळात रसायनाचे, हा विषय त्यांच्या गळ्यात पडलाय. ते म्हणाले, "मला आम्ल विचारा, क्षार विचारा. दगड मला ठेच लागली तरच कळतो. हिची आत्या खाणीत भूवैज्ञानिक आहे, तेव्हा हिचं उत्तर धरू."

त्यावर टिटवी सगळ्या वर्गासमोर ओरडली, "सर, आत्या हिची आहे, डोंगराची नाही!"

सगळे हसले. सर सोडून. मग ती ओढाओढ, मग फाटलेला कागद, आणि मग सर म्हणाले, "जिला शाळेची वस्तू धड हाताळता येत नाही तिला मी बाहेर कुठे पाठवणार नाही." टिटवीच्या जागी आता होयबा आहे. तिला तू काहीही सांग, 'हो, बरोबर' म्हणते. तिच्याबरोबर सराव अगदी शांतपणे होतो. इतक्या शांतपणे की मी मध्येच उठून खिडकी लावते, मग परत उघडते.

ही फेरी जिंकलेल्या जोडीला खऱ्या डोंगरावर नेतात, दोन दिवस, हातात थरांची दिशा आणि उतार मोजायचा कंपास देऊन. आत्या, मी इतके डोंगर कागदावर सोडवले, पण एकाही खऱ्या थरावर हात ठेवलेला नाही. मला जायचंय. इतकं जायचंय की ते लिहायलासुद्धा भीती वाटते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून आई चिडली आहे. मला मात्र पत्रच बरं वाटतं. सरावाला काही प्रश्न पाठव, अवघड पाठव.

तुझी
पेन्सिल


१६ जानेवारी

प्रिय पेन्सिल,

तुझ्या रेघेची नोंद घेतली. फाडणं आणि फाटणं यांतला फरक सांगायला अर्धं पान खर्च करणारी मुलगी आपल्याच घरात निपजणार. तुझे बाबा लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आले, तर आईला म्हणाले होते, "चेंडू माझा होता, पण वेग वाऱ्याचा होता." फटका मात्र पूर्ण त्यांनाच बसला.

वहिनीला सांग, फोन उचलत नाही कारण दगड फोडायचं यंत्र माझ्या खिडकीला खेटून चालतं. मला 'हॅलो'च्या पुढचं काही ऐकू येत नाही.

मी बरी आहे. दिवसभर ऑफिसात बसून दुसऱ्यांनी आणलेले नकाशे रंगवते. चुनखडीला निळा, वाळूच्या दगडाला पिवळा. पोरंसोरं फील्डवरून येतात, बूट आपटत चिखल पाडतात, आणि मी त्यांच्या चिखलाचे रंग ठरवते. चालायचंच.

सोबत तीन प्रश्न पाठवते आहे. तीन विहिरींत एकच कोळशाचा थर वेगवेगळ्या खोलीवर लागला, तर थराचा उतार कुठे आणि किती, अशा जातीचे. तिसऱ्यात एक खोच आहे, ती सांगणार नाही.

पण तो फाटलेला प्रश्न मला बघायचा आहे. त्याचे आकडे पाठव. आणि नकाशात ओढा होता का? होता तर थरांच्या रेषा ओढा ओलांडताना कशा वळतात तेही काढून पाठव. टिटवीचं ते वाक्य मी इथे ऑफिसात सांगितलं, सगळ्यांना भारी आवडलं. अशी मुलगी जोडीला असणं वाईट नव्हे, एवढं म्हणून ठेवते.

आत्या


२१ जानेवारी

प्रिय आत्या,

तिसऱ्या प्रश्नातली खोच सापडली. तिसऱ्या विहिरीची खोली तू जमिनीपासून दिली नाहीस, विहिरीच्या कठड्यापासून दिलीस. मी चार वेळा सोडवला. होयबाने एकदाही न सोडवता "हो, बरोबर" म्हटलं.

आकडे हे घे. नकाशावर पूर्व-पश्चिम जाणारा एक ओढा आहे. त्याच्या पश्चिम भागात तीन ठिकाणी नोंद आहे १८५, ३५. पूर्व भागात दोन ठिकाणी ०१०, ३०. उतार कुठल्या दिशेला ते शब्दांत कुठेच दिलेलं नाही, नुसते आकडे. ओढ्याजवळच्या रेषा काढून पाठवल्या नाहीत, कारण घडी बरोबर तिथूनच गेली आहे आणि दोन्ही तुकड्यांच्या कडा झिजल्यात. माझं उत्तर: पश्चिमेचे थर पूर्वेकडे उतरतात, पूर्वेचे पश्चिमेकडे. दोन्ही मध्याकडे. म्हणजे द्रोण.

होयबाला हे समजावताना मी तुझीच पद्धत वापरली. टेबलावर ट्रे ठेवला, एका कडेखाली पुस्तक सरकवलं, वर पाण्याचा थेंब सोडला. थेंब घरंगळतो तो उतार. मग तळहात ट्रेवर पालथा ठेवायचा, बोटं थेंबाच्या वाटेने, आणि अंगठा दाखवेल ती थराची आडवी दिशा, पहिला आकडा त्या दिशेचा, उत्तरेपासून मोजलेल्या अंशांत, आणि दुसरा उतार किती अंश त्याचा. हे करताना मला आपलं खाणीच्या वसाहतीतलं स्वयंपाकघर आठवलं. तिथे शाळा नव्हती म्हणून बाबा गणित घ्यायचे, आई अक्षर गिरवून घ्यायची, आणि तू दगड शिकवायचीस. इतर मुलांना शाळा आठवते तेव्हा घंटा आठवते. मला ओला ट्रे आठवतो.

आता एक सांगायचं होतं ते मुद्दाम शेवटी ठेवलं. टिटवीने बाक बदलला. आता ती दाराजवळ बसते. काल प्रयोगशाळेत बाई विचारत होत्या, पुढच्या वर्षी कोण कुठला विषय घेणार. टिटवी म्हणाली, "मी विज्ञान नाही घेणार. विज्ञानाला आत्या लागते, माझ्याकडे नाही." कुणी हसलं नाही. आठवतंय तेव्हापासून ती दगड गोळा करते. तिच्या दप्तराचा पट्टा दर वर्षी तुटतो तो त्यामुळेच.

चूक तिची होती ना? मग मला इतकी चुळबुळ का होते? सरांनी तिला काढलं ते कागदासाठी, उत्तरासाठी नाही, असं मी स्वतःला सांगते. पण उत्तरावरूनच कागद ओढला गेला. लवकर लिही आणि द्रोण बरोबर आहे एवढं एकदा सांग, म्हणजे मी झोपेन.

तुझी
पेन्सिल


२८ जानेवारी

प्रिय पेन्सिल,

उशीर झाला, कामं साचली होती.

आकडे मिळाले. अशा प्रश्नांत गंमत अशी असते की नोंद करणाऱ्याने कुठला संकेत वापरलाय त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. बहुतेक ठिकाणी एक संकेत असतो, काही ठिकाणी दुसरा. तेव्हा तुझं उत्तर तुझ्या जागी बहुतेक ठीकच आहे आणि टिटवीचं तिच्या जागी. ते आता उगाळत बसू नकोस. स्पर्धेत बहुतेक उताराची दिशा शब्दांत दिलेली असते. तू स्वतः नोंद करताना मात्र आकड्यापुढे दिशा लिहायची सवय ठेव: 'पूर्वेकडे', 'पश्चिमेकडे', असं. कुणाचाच घोळ होत नाही.

सोबतच्या डबीत माझा कंपास आहे. माझ्याकडे नुसता पडून असतो. झाकणाचा आरसा कोपऱ्यात तडकलाय, पण सुई खरी आहे. डोंगरावर जाशील तेव्हा हाच ने.

थंडी फार आहे का तिकडे? खात जा. वहिनी म्हणते तू पेन्सिली जास्त चावतेस आणि जेवण कमी.

आत्या


२ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय आत्या,

कंपास मिळाला. मी तो उशाशी ठेवला आहे. त्याबद्दल आधी लिहायला हवं होतं, पण दुसरंच मनात घोळतंय. तेच लिहिते, रागावू नकोस.

तुझ्या पत्रात 'बहुतेक' हा शब्द तीन वेळा आला आहे. तू हा शब्द वापरत नाहीस. मी सात वर्षांची असताना "थर बहुतेक तिरका आहे" म्हटलं तर तू मला म्हणाली होतीस, "बहुतेक हा दगड कुठल्या खाणीत मिळतो?" पत्र वाचून आधी मला वाटलं तू आजारी आहेस. आईला विचारलं, ती म्हणाली, "ठणठणीत आहे. परवाच रात्री स्वतः फोन करून भावाशी कडाकडा भांडली." मग मला जास्तच भीती वाटली.

मग आज दोन गोष्टी झाल्या.

पहिली. सरावाला मी पुन्हा ट्रे मांडला. होयबाने हात पुढे केला, तळहात पालथा ठेवला, उजवा हात. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझा डावा होता. तिने उजवा उचलला आणि डावा ठेवला. मी विचारलं, "तू हात का बदललास?" ती म्हणाली, "तुझा डावा आहे ना." मी म्हटलं, "पण आधी उजवा का ठेवलास?" तर म्हणाली, "पुस्तकात तसं चित्र आहे. पण तू म्हणशील तसं."

मी डावा उचलून उजवा ठेवला. बोटं थेंबाच्या वाटेनेच होती, पण अंगठा बरोब्बर उलट दिशेला गेला. मी होयबाला म्हटलं, "आज एवढंच पुरे." ती म्हणाली, "हो, बरोबर."

दुसरी. मी ते दोन तुकडे काचेवर ठेवून मागून चिकटपट्टीने जोडले. कडा झिजल्यात हे खरं, पण ओढा दिसतो आणि ओढ्याजवळ थरांच्या रेषा कशा वळतात तेही दिसतं. तूच शिकवलंस, रेषा ओढा ओलांडताना बाणासारखी होते आणि टोक ज्या दिशेला, उतार त्या दिशेला. आत्या, पश्चिमेचं टोक पश्चिमेकडे आहे. पूर्वेचं पूर्वेकडे. दोन्ही एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. म्हणजे थर मध्यापासून बाहेर उतरतात. म्हणजे कमान.

टिटवीने हेच दाखवलं होतं. तिचं बोट टोकावर होतं आणि ती म्हणत होती, "बघ ना, पाठ फिरवून उभी आहेत, भांडल्यासारखी!" आता तशा आम्ही उभ्या आहोत.

एकच विचारते. तू डावखुरी आहेस म्हणून तुझा हात वेगळा होता का? की सगळं जग उजवा वापरतं आणि आपल्या घरात डावा? तू पहिल्यांदा आकडे वाचलेस तेव्हा तुला काय दिसलं? 'बहुतेक' लिहू नकोस. शाळेतून नावं पाठवायचा शेवटचा दिवस तेरा तारीख, शुक्रवार.

तुझी
पेन्सिल


७ फेब्रुवारी

पेन्सिल,

मला कमान दिसली. आकडे वाचल्याबरोबर.

आणि मी डावखुरी नाही. तुला तसं वाटायचं हे मला आज कळलं. वाटणारच. तू मला नीट ओळखायला लागलीस तेव्हापासून मी डाव्या हाताने लिहिते.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा मी खाणीत तिसऱ्या टप्प्यावर पडले. घरी सगळ्यांना सांगितलं की पाय घसरला. तो घसरलाच, पण मी तिथे पुन्हा गेलेच का ते सांगितलं नव्हतं. काम संपवून खाली उतरले होते आणि वाटेत वाटलं, एक माप चुकलं. परत वर चढले. सैल दगडावर पाय पडला. उजवं मनगट मोडलं. हसू नकोस, पण माप बरोबर होतं. तुझी ही सारखी सारखी तपासायची खोड कुठून आली असा वहिनीला प्रश्न पडतो. तिला हे पत्र दाखव.

हाताला प्लास्टर होतं आणि मी घरी बसून तुला शिकवत होते. ट्रेवर मी डावा हात ठेवला, कारण उजवा गळ्यात अडकवलेला होता. तू माझ्याकडे बघून तुझा डावा ठेवलास. मी पाहिलं, पेन्सिल. मला दिसलं होतं. मनात म्हटलं, प्लास्टर निघालं की नीट दाखवू. आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली, एवढीशी पोर माझ्यासारखाच हात टेकवते म्हणून. मग प्लास्टर निघालं आणि हात वळेना. तळवा पालथा होत नाही, अजूनही होत नाही. ट्रेवर सपाट टेकवायला गेले की करंगळीची कडच टेकते. कंपास हातात सपाट धरता येत नाही त्याला फील्डवर कोण पाठवणार? मला रंगाच्या टेबलाशी बसवलं. तुम्ही शहरात गेलात, तू शाळेत जायला लागलीस, आणि ते सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं लिहिलं, ते खोड. मी सांगितलं नाही. उजवा हात कसा ठेवतात ते दाखवायला मला माझा उजवा हात ठेवावा लागला असता.

तुझी चूक इतकी वर्षं कुणाला दिसली नाही, कारण बहुतेक (खराखुरा बहुतेक) प्रश्नांत उताराची दिशा शब्दांत असते, तिथे हात लागतच नाही. नुसते आकडे असले की मगच लागतो. आणि सगळं जग उजवा वापरतं. डाव्याने कमान द्रोण होते, द्रोण कमान होतो.

तुझं आकड्यांचं पत्र आलं तेव्हा मी ते चार दिवस टेबलावर ठेवलं. फील्ड गेलं, हात गेला, तरी एक गोष्ट उरली असं मला वाटायचं: हिला मी शिकवलं. त्यातही खोट निघाली, हे लिहायला हात चालेना. डावासुद्धा.

आता ऐक. तू काही बोलू नकोस. उजव्या हाताने सराव कर, स्पर्धेला जा, जिंक. स्पर्धा झाली की मी स्वतः सरांना लिहीन की दोष माझ्या हाताचा होता, तुझा नव्हता, आणि टिटवीला पुढच्या वर्षी घ्या. एवढं मला करू दे. हे पत्र खाणीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवते आहे, त्याने वेळेवर पोचवायचं कबूल केलंय.

आत्या


१० फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय आत्या,

ट्रकवाल्या काकांनी पत्र काल आणून दिलं. म्हणाले, "तुझ्या आत्याने तीनदा बजावलं. एवढं तर माझी बायकोसुद्धा बजावत नाही." त्यांना पाणी देईपर्यंत धीर धरला, मग जिन्यात बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

तू सरांना लिहू नकोस. आता नाही आणि स्पर्धेनंतरही नाही. पुढच्या वर्षी टिटवी विज्ञानात नसेल, मग पुढच्या वर्षीच्या जोडीचं तिला काय? आणि तू लिहिलंस की दोष तुझ्या हाताचा होईल, तो सगळा नाही. मला अजून दोन रेघा मारायच्या आहेत.

एक. मी आधी लिहिलं 'टिटवीने फाडला', मग लिहिलं 'नकाशा फाटला'. दोन्ही खोडून असं हवं: 'नकाशाची एक बाजू टिटवीने धरली होती, दुसरी मी. ती म्हणाली, सोड. मी सोडला नाही.'

दोन. ती टोकं मी तेव्हाच पाहिली होती. तिचं बोट होतं तिथे पाहिलं, कळलंही. पण मला वाटलं, आत्याचं चुकू शकत नाही, तेव्हा नकाशाच वाईट छापला असेल. मी डोंगरापेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला. टिटवी ओरडली ते नेमकं हेच होतं. तू हे वाचून रडू नकोस. तुझ्यावर विश्वास ठेवल्याचं मला वाईट वाटत नाही. टोकावर ठेवला नाही याचं वाटतं.

आज शाळा सुटल्यावर मी टिटवीकडे गेले. तिच्या बाबांचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे, ती संध्याकाळी गल्ल्याशी असते. मला बघून म्हणाली, "या. कुलूप अडकलंय की डोकं?"

मी सगळं सांगितलं. ट्रे, डावा हात, तुझं प्लास्टर, सगळं. मध्ये एक गिऱ्हाईक येऊन किल्ली घेऊन गेलं तेवढं थांबले. तिचे बाबा यंत्र बंद करून ऐकत होते, त्याने आणखीच घाम फुटला. शेवटी मी म्हटलं, कमान होती, तुझं बरोबर होतं.

टिटवी म्हणाली, "मला काय सांगतेस? मला माहीतच होतं."

मी म्हटलं, माफी मागायला आले.

ती म्हणाली, "इथे काय, इथे माझे बाबा आणि चारशे कुलपं आहेत. हसले होते ते चाळीस जण वर्गात बसतात."

तिचे बाबा म्हणाले, "अगं, दारात आलेल्याशी जरा नीट बोल." ती म्हणाली, "मी नीटच बोलतेय, बाबा. वाकडं बोलले तर कळेल तुम्हाला."

मग मी जे ठरवून गेले होते ते सांगितलं: मी सरांना सांगून जोडीतून नाव काढते, तू आणि होयबा जा. मला वाटलं ती खूश होईल. ती इतकी चिडली की हातातली कानस टेबलावर आपटली. "म्हणजे आधी तू बरोबर म्हणून मी बाहेर, आता तू थोर म्हणून मी आत? त्यागमूर्ती होऊ नकोस, मला बघवत नाही. काय खरं ते सर्वांसमोर सांग. जोडी सर ठरवतील. तुला ठेवलं तर हात बदल आणि ये. नाही ठेवलं तर घरी बस आणि चुळबूळ कर, ते तुला जमतं."

निघताना मी जोडलेला नकाशा तिच्यापुढे ठेवला. तिने तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "चिकटपट्टी मागून लावलीस, शहाणी आहेस." एवढंच. परत मात्र दिला नाही.

होयबालाही सांगायला हवं होतं, म्हणून तिच्या घरी गेले. तिची जागा जाऊ शकते हे सांगणं सर्वांत अवघड होतं. मला वाटलं आता 'हो, बरोबर' येणार. ती म्हणाली, "नाही. बरोबर नाही. मला उजवा माहीत होता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं." आत्या, तिने 'नाही' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

सर काय करतील ते मला माहीत नाही. त्यांनीही माझं उत्तर बघता न बघता धरलं होतं, ते त्यांना सर्वांसमोर आवडणार नाही. कदाचित ते तिघींनाही काढतील. कदाचित म्हणतील, झालं ते झालं, नावं टाइप झाली. डोंगर माझ्या हातून जाईल या विचाराने मी सकाळपासून तीन पेन्सिली तासून संपवल्या. पण गेला तरी तो तिथेच असणार आहे, आणि तुझा कंपास माझ्याकडे आहे. मी गेले तर तू बरोबर ये. तळवा टेकला नाही तरी चालेल. तू थेंब सोड, हात मी ठेवीन.

नावं शुक्रवारी जातात. बुधवारी सर रजेवर आहेत. गुरुवारी, बारा फेब्रुवारीला, तिसऱ्या तासाला प्रयोगशाळेत सगळा वर्ग असतो, टिटवी दाराजवळ, होयबा माझ्या शेजारी. हजेरी झाली की सर नेहमी विचारतात, "कुणाला काही सांगायचंय?" आणि कुणालाच कधी काही सांगायचं नसतं. त्या वेळी मी हात वर करीन. गुरुवारी. उजवा.

तुझी
पेन्सिल